बंदुकीला चिंच लावू दिली नाही

अहो,

त्या सकाळी मी मोरीवर तांब्याची भांडी चिंच लावून घासत होते. तुम्ही जवळच पाटावर बसून बंदुकीच्या नळीला तेलाचा बोळा फिरवत होता. "किती काळी पडलीय! आणा इकडे, लखलखीत करून देते," म्हणून मी चिंचेचा हात पुढे केला, तर केवढ्याने ओरडलात! "हात लावू नकोस! चिंच लागली की मेली ती!"

मी रुसून बसले. मनवायलासुद्धा आला नाहीत. आता मात्र म्हणते, बरं झालं ओरडलात.

परवा ती विकली. कशी विकली, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडेना, म्हणून लिहितेय.

परवाना तुमच्या नावाचा. तुमच्यामागे ती घरात ठेवता येईना. त्यात मध्यभारत जाऊन नवा प्रांत झाला, राजधानी भोपाळला गेली, आणि तिच्यामागे भाऊजींचं दफ्तरही. "वहिनी, एकट्या इथे काय करणार? चला आमच्यासोबत," हे त्यांचं रोजचं. तुमचा भाऊ वाईट नाही हो. पण जावेच्या चुलीशी पाहुणीसारखं म्हातारं व्हायचं? आपल्या दाना ओली गल्लीतली पिठाची चक्की विकायला निघाली होती. मी ठरवलं, बंदुकीला चांगली किंमत आली तर चक्की घेऊन इथेच राहायचं. नाहीतर निमूट भोपाळ.

व्यापारी यायच्या दिवशी बघते तर भाऊजी अंगणात चिंच आणि विटेची पूड घेऊन बसलेले!

"ठेवा ती चिंच!" मी ओरडले. अगदी तुमच्यासारखी!

"अहो वहिनी, इतकी काळी कोण घेईल? गल्लीत सगळ्यांनी चमकवल्यात."

"तो गंज नाही, तिचा मूळचा रंग आहे. विलायतेहून अशीच आलीय."

"तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

"सवतीला सवत ओळखते, भाऊजी!"

चिंच माझ्या हातात देऊन ते आत गेले.

कंपू मोहल्ल्याकडून एक म्हातारे व्यापारी आले. कापड सोडायच्या आधीच सुस्कारा टाकला. "बाईसाहब, आपने भी चमका दी होगी? पूरे लश्कर शहर ने बंदूकों को थाली-कटोरी समझ लिया है."

मी बंदूक त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी कापड सोडलं. त्या निळसर काळ्या नळीवरून बोट फिरवलं. बोल्ट ओढून बाहेर काढला, नळी खिडकीकडे धरून आतून पाहिली. आतले वळणदार चर स्वच्छ होते. असणारच! किती दुपारी तुम्ही तिला दिल्यात, आणि मला एकही नाही!

"बोल्ट का नंबर भी नली से मिला लीजिए," मी म्हटलं. पुड्यांच्या कागदांवरून मी मराठी वाचायला शिकले तेव्हा हसायचात ना? इंग्रजी आकडे तुमच्या ह्या लाडकीवरून शिकले. ते मात्र तुम्हाला कधी कळलं नाही.

ते हसले. "मिला लिया. दोनों एक ही हैं. अक्षर भी जैसे कल ही खुदे हों. किसी ने घिसने को नहीं कहा?"

"कहा था. मैंने हाथ नहीं लगाने दिया."

दस्त्यावरचा ओरखडा मीच दाखवला. शिवपुरीच्या जंगलात तुम्ही घसरलात तेव्हाचा. ते म्हणाले, "यह तो उसकी अपनी उमर है." आणि किंमत सांगितली. भाऊजींचा चहाचा कप ओठांपाशीच राहिला! तरी मी नकाराची मान हलवली. थोडी चढवून घेतली. तुम्ही असता तर लाजेने आत पळाला असता.

ती गेल्यावर कोपरा रिकामा दिसतो. तेलाचा वास आहे अजून. संध्याकाळी मी तिथेच जरा वेळ बसले.

तुम्हाला एक वचन देते. खंडेनवमीला चक्कीची पूजा मीच करीन. विधवेने कुंकवाला हात लावला म्हणून कुणाच्या भुवया वर गेल्या, तर जाऊ देत. आणि कुंकू लाकडालाच लावीन, तुम्ही बंदुकीच्या दस्त्याला लावायचात तसं. लोखंडाला नाही.

त्या पैशांत चक्की घेतली, काल सकाळी मी तिचं कुलूप उघडलं आणि पहिले घरचे गहू दळले.

तुमची,
यमुना