वॉरंटी सरल्यावर जाऊबाईंना

ती. जाऊबाईंना धाकटीचा नमस्कार.

तुमच्या पाया पडते. वर्षभर पडले नाही, तेही यातच धरून घ्या. तुमचा गुडघा कसा आहे, भावोजींचा खोकला कसा आहे, हे रीत म्हणून विचारते असं समजू नका, खरंच विचारते. आम्ही इकडे बरे आहोत. (बरे नाही आहोत, पण ते खाली येईल.) माझी शाळा चौथीत सुटली हे तुम्हाला माहीत आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका. ठेवायचीच तर माझ्या पाठीमागे ठेवा, जशी मी तुमची ठेवते.

पत्राला कारण फ्रीज. तोच, ज्याचा तोरा मिरवत मी तुमच्या घरातून बाहेर पडले. सासूबाईंच्या साखरेच्या इंजेक्शनांना तुमच्या फ्रीजमध्ये जागा मिळत नाही, सारखी कोणीतरी पातेल्यामागे ढकलतं, असं मी चार बायकांसमोर बोलले. माझ्या घरी नवा कोरा फ्रीज येईल आणि त्यातला एक कप्पा फक्त त्यांचा राहील, असं म्हणून म्हातारीला बरोबर घेऊन आले. तुम्ही तेव्हा एक शब्द काढला नाहीत. काढला असता तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाले असते. (आता खरं सांगते. पातेल्यामागे ढकलणारी मीच होते. मला सगळ्याचीच घाई असते.)

फ्रीज आला, दोन महिने राजासारखा राहिला. तिसऱ्या महिन्यात कण्हायला लागला आणि पाचव्यात असा खडखडायला लागला की वाटावं, आत कोणी भांडी घासतंय. ह्यांनी सांगितलं, कार्ड आहे, वर्षभर कंपनी फुकट दुरुस्त करते, फोन कर. मी म्हटलं, खबरदार फोनला हात लावाल तर. कारण इकडच्या भागाला कंपनीचा मेकॅनिक एकच, आणि तो तुमचा मामेभाऊ. दुपारी तो माझ्याकडे चहा पिणार आणि संध्याकाळी तुम्हाला कळणार की धाकटीचा फ्रीज वाजतो. त्यापेक्षा वाजू दे म्हटलं. पायाखाली पुठ्ठा घातला. पाठीत दोन बुक्क्या घातल्या, त्यानं जरा गप्प बसायचा. सासूबाईंना ऐकू कमी येतं, त्यामुळे घरात त्या एकट्या सुखात होत्या.

पण दर रविवारी भावोजींचा त्यांना फोन यायचा ना, तेव्हा माझी पंचाईत. फोन स्वयंपाकघराच्या दाराशी, आणि फ्रीज तिथेच. घंटी वाजली की मी धावत जाऊन फ्रीजचं बटण बंद करायची, फोन ठेवला की लगेच चालू. एक वाक्य तीनदा बोलायला लागायचं, त्यामुळे फोन काही लवकर संपायचा नाही. संपला वाटला की चालू, आणि मध्येच तुम्ही फोन घेतलात तर आवाज ऐकाल या भीतीनं पुन्हा बंद. तुमच्याकडचं कोणी घरी आलं तरी तेच. (तुम्ही एकदाही फोन घेतला नाहीत. मी मात्र दर रविवारी बटणाशी उभी.)

वॉरंटी संपली सोमवारी. पुढच्या आठवड्यात गुरुवारी सकाळी फ्रीज एकदम शांत. मला काय वाटलं असेल? सुधारला! ह्यांना ऐकवलं सुद्धा, बघा, थोडं सबुरीनं घेतलं की सगळं मार्गी लागतं, तुम्हालाच दम नाही. दुपारी दूध नासलं.

मग आला तुमचा मामेभाऊ. मागचा पत्रा काढला, टॉर्च मारली, विचारलं, "वहिनी, आवाज कधीपासून होता?" मी म्हटलं, कालपासून. त्यानं पायाखालचा पुठ्ठा ओढून काढला. चेपून चेपून पत्र्यासारखा झाला होता. "हा पण कालचाच का?" मी पुठ्ठा उचलून मोरीत टाकला. मग म्हणाला, "आवाजाचं काही विशेष नव्हतं हो, एक स्क्रू ढिला होता. पण सारखा बंद-चालू करून तुम्ही कॉम्प्रेसर जाळलात. दहा दिवस आधी हाक मारली असती तर कंपनीनंच सगळं केलं असतं." मी चिडून बोलून गेले, हाक मारली असती तर तुझ्या ताईला कळलं असतं ना! तो म्हणाला, "अहो वहिनी, मी शंभर घरी जातो. याच्या घरचं त्याच्या घरी सांगत बसलो तर मला उंबऱ्यात कोण घेईल? मी बायकोला सांगत नाही, ताईला कशाला सांगू?"

म्हणजे बघा. तोंडाच्या एवढ्या पक्क्या माणसाला मी वर्षभर घाबरले. पार्ट यायला तीन आठवडे लागतील म्हणाला.

आता इंजेक्शनं खालच्या मजल्यावर शिक्षिकाबाईंच्या फ्रीजमध्ये असतात. बाई चांगल्या, पण सातला कुलूप लावून शाळेत जातात. मंगळवारी मला पाच मिनिटं उशीर झाला. बाई गेल्या, इंजेक्शन कुलपात. बाई येईपर्यंत दुपार टळली. सासूबाई जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या, तोंडाला कोरड, चेहरा उतरलेला. आणि उलट मलाच म्हणतात, "तू जेवून घे गं, माझ्यापायी उपाशी राहू नको." दोन शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. हे नाही सोसलं. डॉक्टरांनी मला लहान पोरीसारखं झापलं आणि बजावलं, पुन्हा असं चालायचं नाही.

तर असं आहे. तुमच्याकडून मला काही नको. फक्त कानावर घातलं. थोरामोठ्यांना नमस्कार सांगा.

तुमची
धाकटी

ता. क. — वर लिहिलं काही नको, ते खोटं आहे. पार्ट येईपर्यंत सासूबाईंना घेऊन जा. रविवारी या. भावोजींना पाठवू नका, ते दारातूनच घाई करतात. तुम्ही या. इंजेक्शनं कुठे ठेवायची हे मी सांगणार नाही, तुम्हाला तेव्हाही कळत होतं.

ता. क. दुसरा — टपालात टाकायचं राहिलं. सकाळी सासूबाईंना सांगितलं की मोठी रविवारी न्यायला येईल. (तुम्ही येणार हे मीच ठरवून टाकलं.) आज बुधवार आहे आणि त्यांची पिशवी भरून झाली. नवं लुगडं नेसून दाराजवळच्या खुर्चीत बसल्यात. मी विचारलं, इथे काही कमी पडलं का? म्हणाल्या, "नाही गं, तू फार करतेस. पण मोठी माझ्याजवळ बसायची." जाऊबाई, मी वर्षभर त्यांचं सगळं केलं, पण उभ्यानंच केलं. हे कोणत्या कार्डात लिहिलेलं असतं, तुम्हाला माहीत असेल तर सांगा.

ता. क. तिसरा — आज गुरुवार, तुमचा मामेभाऊ पार्ट घेऊन अचानक आला. दुसऱ्या गावच्या गिऱ्हाइकासाठी मागवलेला पडून होता म्हणाला. फ्रीज चालू झाला, बर्फसुद्धा धरला. आता अजिबात वाजत नाही. सासूबाई तेव्हा आत झोपल्या होत्या, त्यामुळे त्यांना पत्ता नाही आणि मी सांगितलेलं नाही. पिशवी अजून खुर्चीजवळच आहे. तुम्ही ठरल्याप्रमाणे रविवारी या, आणि त्यांच्यासमोर फ्रीजचं दार तेवढं उघडू नका. आतला दिवा लागतो.