पिठाच्या हाताची सही

पवनाकाठ,
दि. ९ नोव्हेंबर

चि. सौ. रेणुका,

वहिनीचा आशीर्वाद. हितं समदी बरी हायेत. तुजे दादा खळ्यावर भात झोडत्यात. इंद्रायणी औंदा झ्याक पिकलाय. तांदूळ धाडायचाय, पण आदी हे पत्र. फोन दोनदा हातात घेतला, तोंडच होईना.

वरच्या आळीत पाणी आलं बाई! सरूबाईनं नळाला हळदकुंकू वाहिलं. धरण उशाला अन् कोरड घशाला, अशी ती म्हातारी तीन वर्सं खालून हंडे वाहत व्हती. कागदावर मातुर तिच्या दारात नळ व्हता! तुज्या पाणी मंचानं माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, चार म्हैने कचेरीचे खेटे घातले, तवा ही लबाडी उघडी पडली. लोक म्हनायचे, मास्तरणीला दुसरं काम न्हाई. मीबी म्हनायचे. समद्यांत मोठ्यानं.

एप्रिलात तू घरी आलीस. "वहिनी, वरच्या आळीच्या टाकीचं काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर तुझी सही आहे. आमच्या मंचातला शार्दूल तो त्याच्या साप्ताहिकात छापणार, नाव लपवणार नाही. त्याआधी ग्रामसभेत तूच सांग." मी पुरतं ऐकलंबी न्हाई. "परत हा उंबरा चढू नगंस," म्हनले. तुजा चहा तसाच ऱ्हायला.

तवा म्हनले, मला फसवलं. खोटं बोलले गं. आमा पंचायतीच्या बायका सदस्यांकडं कागद घरीच येत्यात. मी भाकरी थापत व्हते. ग्रामसेवक म्हनले, "ताई, हितं एक सही." हात न धुता केली. तुज्या झेरॉक्सवर सही फिसकटलीय ना, त्यो पिठाचा हात. वरची आळी अर्ध्या तासाची चढण. मी गेलेच न्हाई.

एक मेच्या ग्रामसभेत पाणीपुरवठ्याचे सायेब म्हनले, "काम पूर्ण आहे. तुमच्याच सदस्याची सही आहे." सरूबाई नुसती माज्याकडं बघत ऱ्हायली. मी उठले. "सही माजी हाय. टाकी मी बघितली न्हाई. कुटं हाय तेबी ठावं न्हाई."

तशी सरूबाई उठली. "चला, दावते." अख्खी सभा तिच्यामागं चढली, सायेब घाम पुसत. वर नुसता चौथरा, अन् त्यावर शेळ्या रवंथ करत बसलेल्या! तवापासून शार्दूलनं दर अंकात त्याच चौथऱ्याचा फोटो तारखेसकट छापला, टाकी बसंपर्यंत.

पर त्या दिवशी मी गर्दीत तुलाच हुडकत व्हते. समदं तुजं केलेलं, अन् माज्या एका शब्दापायी तूच न्हवतीस. लय वाईट वाटलं. मला सदस्य केलं लोकांनी, पर त्यांचं काम केलंस तू.

काल नवा दाखला आला. ग्रामसेवक दारात उभे, पेन पुढं. मी म्हनले, "थांबा." चपला घातल्या, वर गेले. सरूबाईच्या नळाखाली ओंजळ धरली, पोटभर प्याले. मग तिच्याच पायरीवर बसून वरपासून खालपतुर वाचलं, अन् सही केली.

उंबऱ्याचा शब्द माघारी घेते. चहा आजबी तुजाच हाय. येशील?

तुजी वहिनी,
रतन
(हात धुऊन सही केलीय.)