दोन ग्रॅम स्पिरिट आणि माझा हात

३ फेब्रुवारी, सकाळ.
नातीने प्रयोगाला मला पार्टनर घेतलंय! दोन ग्रॅम स्पिरिट जाळायचं, वर डब्यात अर्धा लिटर पाणी, ते किती अंश तापलं ते बघून उष्णता काढायची. आकडा जमला तर शाळेच्या प्रदर्शनात तिला टेबल मिळणार. मी चौथीपर्यंतच शिकले, पण पन्नास वर्षं चुलीपुढे काढलीत. विस्तवाचं मला कोण शिकवणार? उद्या एका दमात उरकून टाकू.

४ फेब्रुवारी.
पाणी दहाच अंश चढलं. गणित आलं एकवीस किलोज्यूल. पुस्तक म्हणतं साठ. पुस्तकवाल्याने कधी चहा तरी टाकलाय का? सूनबाई म्हणाली, आई, तुम्ही जरा लांब बसा. लांबच होते. फुंकर एकदाच घातली.

५ फेब्रुवारी, दुपार.
खिडक्या बंद, पंखा बंद, दोघी घामाने निथळलो. तेवीस. पोर रडकुंडीला आली, टेबल गेलं म्हणते. किती मनाला लावून घेते! माझ्यावर गेलीय. उद्यापासून मी मध्ये अक्षर बोलणार नाही.

६ फेब्रुवारी.
बोलले नाहीच. ती थर्मामीटर आणायला आत गेली, तेव्हा वाटीत जरासं स्पिरिट वाढवलं, एवढंच. दोन ग्रॅम म्हणजे नुसता बुडाला ओलावा. इतक्या कंजूष हाताने मी आयुष्यात काही वाढलं नाही. मग पेटवलं, तर पाणी कसं सरसर तापलं! चाळीस अंश, चौऱ्याऐंशी किलोज्यूल! पुस्तकाला हरवलं म्हणून पोर नाचली. मी गप्प. आपलं चांगलं काम सांगत सुटू नये.

८ फेब्रुवारी.
शाळेतल्या बाईंनी तिला विचारलं म्हणे, दोन ग्रॅममध्ये असते त्याहून जास्त उष्णता आली कुठून? ही म्हणाली, आजीसमोर केलंय, आजीला विचारा. बाईंनी खरंच फोन केला. मी आधी त्यांची तब्येत विचारली, मग त्यांच्या मुलाबाळांची. शेवटी सांगून टाकलं. पोर दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

११ फेब्रुवारी.
पोरीने वर्गात बाईंसमोर प्रयोग पुन्हा केला. बावीसच! बघा, मी तिथे नव्हते तरी बावीसच. बाई म्हणाल्या, एवढेच यायचे, बाकीची उष्णता कुठे गेली ते लिही. टेबल मिळालं! वही मला दाखवायला आणली. मी बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं.
आकडा चुकण्याची कारणं: एक, उष्णता हवेत गेली. दोन, डबाही तापला. तीन, आजी.
तिन्हींपुढे बाईंची लाल बरोबरची खूण आहे.