मेरेवरच्या माडाखालचा कचरा

३ जुलै २०११, रविवार. सर्वण.
ऐतिहासिक दिवस. साक्षीने दुबईहून पाठवलेलं कचरा दळायचं मशीन सिंकखाली बसलं. उष्टं-खरकटं सिंकमध्ये टाकायचं, नळ सोडायचा, बटण दाबायचं. घर्रर्र, की कचरा नाहीसा! लेक असावी तर अशी. अख्ख्या डिचोली तालुक्यात पहिलंच असणार. चौकशी केलेली नाही, गरज नाही. बसवणारा सखाराम बेळगावकडचा. सारखा विचारत होता, सायेब, पुढं ह्या पायपाचं पाणी कुठं जातंय? मी म्हटलं, तू स्क्रू आवळ. माणूस फार चौकश्या करतो तेव्हा त्याला काम येत नसतं. खाणीवर तीस वर्षं टाइमकीपर होतो, माणसं ओळखतो.

४ जुलै
पुस्तिका दोनदा वाचली. नियम लिहून सिंकवर चिकटवले. आधी नळ, मग बटण. पाणी गारच. मशीन थांबलं तरी थोडा वेळ पाणी चालू. शेवगा, कांद्याची सालं, नारळाची शेंडी, तेल यांना सक्त मनाई. आठवड्याला एकदा बर्फ आणि लिंबाची साल दळायची, वास जातो. हात आत घालायचा नाही. खाली सही केली. बायकोलाही करायला सांगितली. सुलोचना म्हणाली, चाळीस वर्षं कचरा परसात टाकत्ये, कधी सही लागली नाही. अडाणीपणाला औषध नाही.

९ जुलै
मशीन बंद. नुसतं गुं गुं. आत शेवग्याचा चोथा! कोणीतरी मुद्दाम टाकला. घरात दोघंच. बायकोवर संशय घेणं बरं नव्हे, पण घेतला. ही म्हणाली, शेंगा तुम्हीच चघळलात, ताटही तुम्हीच ओतलंत. मुद्दा तो नव्हे. वीज बंद केली, खालून चावीने चक्की फिरवली, चिमट्याने चोथा काढला, लाल बटण दाबलं. चालू! हात आत घातला नाही. फक्त दोन बोटं.

१७ जुलै
मेरेवरच्या माडाच्या आळ्यात कचरा! माड आमचा, वडिलांनी लावलेला. हद्दीच्या मेरेपलीकडे शेजारी भिकाजी. शाळेत आम्ही एका बाकावर. चवथीला आमच्या गणपतीवरची माटोळी चाळीस वर्षं तोच बांधतो. तो स्टुलावर चढून फळं, रानवेली टांगणार, मी खालून दोरी देणार. असा माणूस असं करणार नाही. पण मग करतो कोण? माझ्या घरात तर आता कचराच होत नाही.

२४ जुलै, सकाळी ६.१०
खिडकीतून पाळत. भिकाजी फावडं घेऊन माडाखाली! छत्री मानेत अडकवून, वाकून काहीतरी चाललेलं. मला बघून दचकला. मग म्हणाला, गोकुळा, यंदा पाऊस बरो पडलो मरे. पावसाचं कोण विचारतंय? वेळेसकट नोंद केली.

२ ऑगस्ट
काल आमच्याकडे श्रावणातलं भाज्यांचं खतखतं. आज आळ्यात तेच! सुरणाची साल, कणसाचे दाणे, तिरफळाच्या बिया. म्हणजे हा आमच्या चुलीवर नजर ठेवून तेच रांधतो. केवढा कावेबाज! हिला सांगितलं. हिने विचारलं, बारीक दळलेलं असतं का हो ते? मी म्हटलं, अर्थात. ओळख पटू नये म्हणून वाटून टाकत असणार. ही तोंडाला पदर लावून आत गेली. रडत असावी. त्या घराशी हिचंही येणंजाणं.

९ ऑगस्ट
पंचायतीत लेखी तक्रार, तीन प्रतींत. सेक्रेटरी मंगेश म्हणाला, बाब, एकदा समोरासमोर बोलून घ्या, चवथ तोंडावर आली. मी म्हटलं, कायदा चवथीची वाट बघत नाही. वाटेत भिकाजी भेटला. सांगून टाकलं, यंदा माटोळीला येऊ नकोस, माझी मी बांधीन. तो म्हणाला, बरं. त्यानंतर जेवण गेलं नाही. पोट बिघडलं असावं.

१६ ऑगस्ट
माटोळीचा सराव. स्टुलावर चढलो. खालून दोरी द्यायला कोणी नाही. उतरलो, दोरी घेतली, पुन्हा चढलो. गुडघा दुखतो. स्टूल वाईट आहे.

२२ ऑगस्ट
पाहणी. मंगेश, पंच भाग्यलक्ष्मीबाई आणि अर्धा वाडा. मी आळ्यापाशी उभं राहून सगळ्या नोंदी वाचल्या. शेवटी आमच्या मशीनची माहितीही दिली. बाई म्हणाल्या, चालवून दाखवा बघू. मी तिथूनच खिडकीकडे तोंड करून हिला ओरडलो, चालव गो!
आत घर्रर्र झालं. आळ्याच्या कडेच्या पायपातून भक्कन सगळं बाहेर. मंगेशच्या चपलेवर. आमच्या सकाळच्या पपईची साल.
रांधपघराचं सांडपाणी माडाला सोडतात, गावात सगळ्यांचंच. आमचं तर वडिलांपासून. मला माहीत होतं. फक्त त्या वेळी लक्षात नव्हतं.
मंगेशने भिकाजीला विचारलं, मग तुम्ही रोज सकाळी फावडं घेऊन काय करत होता? भिकाजी खाली बघत म्हणाला, वर माती ओढत होतो. घाण येते. ह्याच्या चेडवाने एवढ्या हौशेने धाडलंय, ह्याचा हिरमोड कशाला? सुलोचनावहिनींनाही मीच गप्प राहायला सांगितलं.
लोक गेले. मी आळ्यापाशीच उभा होतो. लाज वाटली. फार लाज वाटली.

२३ ऑगस्ट
चूक सखारामची. पायपाचं त्याने जोर देऊन विचारायला हवं होतं.

३१ ऑगस्ट, उद्या चवथ
तक्रार मागे घेतली. तिन्ही प्रती. आपण होऊन भिकाजीकडे जायचं नाही, असं ठरवलं. माणसाला मान असतो. माटोळी दोनदा बांधली, दोनदा एका बाजूला कलली. दोन्ही वेळा पडलेली फळं हिने वेचली, ते जास्त लागलं.
संध्याकाळी पाच वाजता भिकाजी माडाखाली. फावडं हातात. अजून! गेलो. चार वाक्यं पाठ केली होती, एकही आठवेना. त्याने फावडं माझ्या हातात दिलं आणि आमच्या घरात शिरला. मी आमच्याच कचऱ्यावर माती ओढू लागलो.
आत स्टूल सरकलं. मग त्याची हाक आली, गोकुळा, दोरी कोण देतलो रे?
हात धुतले नाहीत. तसाच धावलो.