बॉनेटवरचे आशीर्वाद

शनिवार, ८ मे २०१०

जॅक लावला आणि गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच आत गेला! दाराखालची पट्टी जुन्या बिस्किटासारखी मोडली. हे ब्रोनेकच्या टायरच्या दुकानात घडलं. त्याने गाडी तशीच माझ्या गल्लीत आणून सोडली. "झिगी, हे प्रेत तुझं. मी हात धुतले."

गाडी लुत्सिनाबाई स्रोकांची. त्र्याण्णवची वॅगन, वाइनच्या रंगाची. बाई चर्चच्या स्वयंपाकघरात शुक्रवारी पिएरोगी, म्हणजे आमच्या उकडलेल्या पोलिश करंज्या, करतात. तीन वर्षं खिडकीतून बशी देणारे त्यांचे हातच तेवढे ओळखीचे. बाकी एवढंच माहीत, की नवरा जाऊन चार वर्षं झाली. आज प्रथमच अख्ख्या दिसल्या. बुटक्या आहेत. हसतात मोठ्याने.

मोठ्या वर्कशॉपवाल्याने त्यांना सांगितलं, भंगारात काढा. मी खाली झोपून पाहिलं. इंजिन उत्तम, गिअर उत्तम, फक्त पत्रा गेलेला. पत्र्याला काय, नवा लावता येतो!

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यांना बहिणीकडे निघायचंय, टूसॉनला, तिकडे दक्षिणेच्या वाळवंटात. दोन हजार मैल. घराचा करार संपतोय, आणि हिवाळ्यात बोटं वळत नाहीत म्हणाल्या. कायमच्याच चालल्या आहेत. "होईल ना, झिग्मुंटराव?"

"होईल," म्हटलं. 'बघू' हा शब्द मी वापरत नाही.

रविवार, ९ मे

प्रार्थनेहून आल्यावर चुंबक फडक्यात गुंडाळून सगळी गाडी तपासली. जिथे चुंबक चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. जुनी गाडी घेताना लोक टायरला लाथा मारतात. चुंबक खिशात ठेवायचं कुणाला सुचत नाही!

दोन्ही दारांखालच्या पट्ट्या गेलेल्या. डाव्या पुढच्या दाराला बाजारातल्या ढकलगाडीचा पोचा. उजव्या मडगार्डला खांबाची घसट. बॉनेटवर खड्यांचे टिपके, प्रत्येक टिपक्याखाली गंजाचं मूळ. आणि डाव्या मागच्या चाकावर वीतभर जागेत चुंबक सरळ खाली पडलं! एवढी जाड पुट्टी मी जन्मात पाहिली नाही.

मंगळवार, ११ मे

ती पुट्टी फोडली. बोटभर जाड! आत जाळी, जाळीच्या आत फेस, फेसाच्या आत चर्चची पत्रकं. चुरगळून कोंबलेली. एकावरची तारीख वाचता आली — मार्च २००६.

लुत्सिनाबाई खसखशीचा रोल घेऊन दारात उभ्या होत्या ते मला दिसलं नाही. मी म्हणत होतो, "कुठल्या गाढवाने हे केलंय? कागद कोंबतात का गाडीत? ओल धरून ठेवायला खास बोळा! याला आधी आतून गंजवायचं आणि मग बाहेरून सजवायचं होतं काय?"

"मी केलंय," बाई म्हणाल्या.

रोल ठेवला आणि गेल्या.

बुधवार, १२ मे

रोल उत्तम होता. ते आणखीच वाईट.

शनिवार, १५ मे

माफी मागायला गेलो. पाठ करून गेलो होतो. बाईंनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. स्टाश, म्हणजे त्यांचे यजमान, तेव्हा इस्पितळात होते. गाडीला भोक पडलेलं, आत धूर यायचा, आणि रोज जा-ये करायची होती. दुकानात पुट्टीचा डबा मिळाला, त्यावरचं वाचलं आणि पिएरोगीच्या कणकेच्या पट्टीने दोन दिवस लावत बसल्या. रंग नेलपॉलिशचा! जवळचीच छटा मिळाली म्हणे.

"चार वर्षं टिकलं की नाही?" त्यांनी विचारलं.

टिकलं. मला कबूल करावं लागलं. कड तर अशी घासली होती, की बाहेरून बोटाला लागत नव्हती. शिकवल्याशिवाय! मीही असाच शिकलोय. भंगारातली दारं आणायची, हातोडीने ठोकून बिघडवायची आणि मग सरळ करायची. सत्तावीस दारं. प्रेस कारखान्यात तीस वर्षं काढली, पण तिथे पत्रा कापायचा कसा एवढंच कळलं. पत्रा ऐकतो कसा, ते या गॅरेजात.

बुधवार, २ जून

डावी पट्टी पुरी झाली. गंजलेला भाग चकचकीत पत्रा लागेपर्यंत मागे मागे कापत गेलो. लोक इथेच चुकतात. गंजावरच तुकडा डागतात, आणि पुढच्या वसंतात तुकडा शाबूत, भोवतालचं गायब! माझी पद्धत अशी, वेल्डिंगचा एक टाका इकडे, एक तिकडे, मध्ये थांबायचं, हात लावून बघायचं. घाई केली की पत्रा तापून वेडावाकडा होतो. आतून मेण फवारलं. खालची पाण्याची भोकं उघडी ठेवली. ती मातीने बुजतात, मीठपाणी आत बसून राहतं, आणि सगळे हिवाळ्याला शिव्या देतात. हिवाळ्याचा काय दोष? वर्षातून दोनदा खालून पाण्याचा झोत मारा आणि काडीने भोकं साफ करा! पण कुणी करत नाही.

बर्फ वितळावा म्हणून हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात; माझं अर्धं आयुष्य त्या मिठाशी भांडण्यात गेलं.

शनिवार, १२ जून

ब्रोनेक टपकला. वॅगनभोवती दोन चकरा मारल्या.

"एवढी गुळगुळीत? अरे, ही गाडी आहे की नवरी?"

"काम आहे."

"माझ्या मेहुण्याच्या ट्रकला तू दोन आठवडे सांगितलेस आणि पाच महिने लावलेस. हिच्या वेळी घड्याळ बरं चालतंय! वेड्या, लवकर संपवलंस तर लवकर जाईल ना ती!"

त्याला हाकलून दिलं.

रविवार, १३ जून

ब्रोनेक गाढव आहे.

सोमवार, १४ जून

पण खोटं काय बोलला? हे पान माझ्याशिवाय कुणी वाचत नाही, तेव्हा लिहितो. मी जितकं चांगलं काम करीन तितकी ती सुखरूप पोचेल. तिकडे. आणि वाईट काम माझ्या हातून होत नाही! आज मुद्दाम एक जोड ओबडधोबड ठेवून पाहिला. वीस मिनिटं. मग पुन्हा घासला.

गुरुवार, २४ जून

दाराचा पोचा काढला. बाई बघायला आल्या होत्या. मी सांगितलं, पोच्याच्या मधोमध ठोकायचं नसतं. तो जसा पडला त्याच्या उलट्या वाटेने यायचं. आधी कडा, मग हळूहळू आत. आतून हातोडी, बाहेरून लोखंडाचा ठोकळा.

"माणसांचंही असंच असतं का हो?" त्या म्हणाल्या.

मी त्यांना सुती हातमोजा दिला. उघड्या हाताला पत्रा खोटं सांगतो, मोज्यातून खरं. त्यांनी डोळे मिटून दारावरून हात फिरवला आणि थांबल्या. "इथे आहे काहीतरी."

मला लागलं नव्हतं! काळी पूड फासून घासून पाहिलं. होता! नखाएवढा खोलगट ठिपका, तिथेच.

एवढा आनंद कसला झाला मला? चूक तर माझीच सापडली होती.

शनिवार, ३ जुलै

डाव्या दारावर रंग मारला आणि मधोमध पाच बारीक खळगे उमटले, माशांच्या डोळ्यांसारखे. तेलकटपणा! रंग तिथून पळतो. पुसून घेतलं होतं, दोनदा. मग कुठून?

पाच खळगे. पंजा मोजून पाहिला. रंगाआधी बाईंनी दार थोपटलं होतं, "शहाणं माझं ते!" म्हणून. हाताला क्रीम असणार.

दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असतं. बाईंना म्हटलं, "हवामान दमट होतं." सगळं घासून सोमवारी पुन्हा.

घासताना शीळ वाजवत होतो, असं शेजारीण सांगते.

गुरुवार, २२ जुलै

बॉनेटवर रंग. शेवटचा भाग. एक ओघळ नाही, कुठे संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा नाही. दिव्याची नळी त्यात सरळ रेघ दिसते! इतका चांगला हात माझा आजवर बसला नव्हता. पण रंग वरून वाळला तरी आतून कोवळा असतो. महिनाभर मेण नाही, फडकं नाही, आणि उन्हात पाणी तर मुळीच नाही. बाईंना तीन वेळा सांगितलं.

रविवार, २५ जुलै

प्रवाशांना सांभाळणाऱ्या संत क्रिस्टोफरचा दिवस. दुपारच्या उन्हात सगळ्या मंडळींच्या गाड्या चर्चच्या मागे आशीर्वादासाठी रांगेत. दोन हजार मैल जाणारी गाडी आशीर्वादाशिवाय न्यायची, हे बाईंना पटेना. मलाही पटेना. मी पोलिश आहे, दगड नाही.

फादर मारेक पवित्र पाण्याची बादली आणि कुंचा घेऊन निघाले. शिंपडतात कसले, रंगारी भिंत रंगवतो तसे मारतात! आमच्या आधी सहा गाड्या होत्या. माझ्याकडे वेळ होता. 'फादर, हिच्या छतावर शिंपडा, बॉनेट राहू द्या' — एवढं एक वाक्य. ओठांवर आलं होतं.

ते म्हटलं नाही.

टपटप टपटप! कोवळ्या बॉनेटवर चाळीस-पन्नास थेंब, आणि वर जुलैचं ऊन. बाईंनी क्रूसाची खूण केली. मीही केली. ब्रोनेक कानात म्हणाला, "झिगी, तू हसतोयस."

सोमवार, २६ जुलै

डाग पडलेत! पांढरी वर्तुळं, नाण्यांएवढी, रंगात रुतलेली. फडक्याने जाणार नाहीत. रंग पुरता मुरू द्यायचा, मग दोन हजार नंबरचा वॉटर पेपर, मग बफिंग. निदान पाच आठवडे!

पाच आठवडे!! सप्टेंबर उजाडेल. घराचा करार मालक वाढवील, भला माणूस आहे. उद्या बाईंना सांगतो. चेहरा गंभीर ठेवायला हवा.

मंगळवार, २७ जुलै

सांगितलं. बाई बॉनेटवर वाकल्या. वर्तुळं मोजली. चव्वेचाळीस.

"आणि हे तुम्ही पेपरने घासून काढणार?"

"हो तर. काम बिनचूक पाहिजे."

"झिग्मुंटराव! फादरांचा आशीर्वाद घासून काढणार? नरकात जायचंय का तुम्हाला? आणि मला वाटेत टायर फुटून मारायचंय?"

मी म्हटलं, आशीर्वाद राहतो, फक्त पाण्यातले क्षार जातात. तर म्हणतात, "क्षार कसले! ते फादरांनी मंतरून टाकलेलं मीठ आहे!"

मीठ! पवित्र पाण्यातसुद्धा मीठ! मी स्टुलावर बसलो आणि इतका हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. बाईही हसत सुटल्या. कशाला हसतोय हे त्यांना ठाऊक नसावं.

म्हणजे डाग राहणार. म्हणजे गाडी झाली. पुढच्या शनिवारी, सात ऑगस्टला, निघणार.

शुक्रवार, ३० जुलै

पिएरोगीची रांग. खिडकीतून बशी आली. बारा मागितले होते, सोळा होते.

रविवार, १ ऑगस्ट

ब्रोनेकने गाडी जॅकवर चढवली. चारही कोपऱ्यांवर. टकसुद्धा आवाज नाही! "झिगी, या पट्टीवर रणगाडा उभा राहील," म्हणाला. मग माझ्याकडे पाहून, "मूर्खा, सांगून टाक ना तिला."

काय सांगू? वय त्रेपन्न. कारखाना बंद पडल्यापासून दिवसभर गॅरेजात. म्हणायला कुणाची अडवणूक नाही, पण ती बहिणीकडे निघालेली बाई. मी काय म्हणून तिच्या वाटेत उभं राहायचं? जो गाडीचा आशीर्वाद अडवू शकत नाही तो तिला काय अडवणार!

छे. खरं कारण हे नाही. पुट्टी कुठे आहे ते चुंबकाने कळतं. हे विचारायला तसलं काही साधन नाही. आणि 'नाही' ऐकलं तर ते घासून काढता येत नाही.

मंगळवार, ३ ऑगस्ट

किल्ल्या दिल्या. सोबत दोन पानी कागद, सुवाच्य अक्षरात. महिनाभर मेण लावू नये. पक्ष्याची घाण पडली तर त्याच दिवशी ओल्या फडक्याने उचलावी, चोळू नये. खडा लागून टिपका उडाला तर आठवड्याच्या आत काडीने रंगाचा थेंब भरावा, गंजाला आमंत्रण देऊ नये. पोचा पडला आणि रंग तडकला नसेल, तर रंग न मारता आतून दाबून काढणारा माणूस शोधावा. कुणी सगळं दार बदला म्हणालं तर दुसऱ्याला विचारावं. कुठल्याही कारागिराला गाडी देण्याआधी त्याने केलेली दोन वर्षांपूर्वीची गाडी दाखव म्हणावं, कालची नाही. जोडांच्या कडा पाहाव्यात. काचांच्या रबरावर रंगाचे शिंतोडे दिसले तर तिथून निघून यावं.

शेवटी लिहिलं होतं, 'काही अडलं तर कधीही फोन करावा.' मग ते खोडलं. मग दुसऱ्या कागदावर सगळं पुन्हा लिहून काढलं, कारण खाडाखोड मला चालत नाही. त्यात ते वाक्य ठेवलं.

बुधवार, ४ ऑगस्ट

गॅरेज झाडलं. फार मोठं वाटतंय.

गुरुवार, ५ ऑगस्ट

लुत्सिनाबाई सकाळीच आल्या. माझे दोन्ही कागद बाकावर परत ठेवले. म्हणाल्या, "एवढं सगळं कोण लक्षात ठेवणार? पुढच्या सीटवरचं सामान काढून मागे टाकलंय मी. पण एक सांग, तिकडे पत्रा गंजत नाही म्हणे. मग तू तिथे करशील काय?"

तू!

म्हटलं, तिकडे ऊन रंग सोलून काढतं. बॉनेट, टप, डिकी, वरचं सगळं. जन्मभर पुरेल एवढं काम आहे!