गुरुवारचा प्रबंध

८ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कानाचं नवीन यंत्र तू ड्रॉवरमध्ये ठेवून दिलंस हे वाचून हसू आलं. भाचीने कपाळाला हात लावला असेल. फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येत नाही, आणि आज जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही. म्हणून लिहितोय.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात उपग्रंथपाल झालो तेव्हा तू म्हणाली होतीस, की आता हा नुसता पुस्तकांत लोळणार. चार महिन्यांत एक पान वाचून झालेलं नाही. माझ्याकडे ‘सेवा आणि सुविधा’ आहेत, म्हणजे पंखे, नळ, लिफ्ट, खुर्च्या आणि भांडणं. सकाळी सातला वाचनकक्ष उघडला की पाच मिनिटांत दीडशे मुलं आणि अडवलेल्या जागा तीनशे, कारण प्रत्येकाने मित्रासाठी शेजारी पाण्याची बाटली ठेवलेली. बाटलीला जागा मिळणार नाही असा नियम मी काढला. दुसऱ्या दिवशी बाटल्यांच्या जागी स्वेटर. खुर्च्या सरकताना करकरायच्या, म्हणून चारशे बारा खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या बसवून घेतल्या. सोळाशे अठ्ठेचाळीस टोप्या. घरातल्या चौघांचे वाढदिवस मला आठवत नाहीत, पण हा आकडा पाठ आहे.

आमच्याकडे दर गुरुवारी एक आजोबा येतात. दोन बस बदलून, बरोबर अकराला. त्यांच्या पत्नीने चाळीस वर्षांपूर्वी नेच्यांवर, म्हणजे फर्नवर, प्रबंध लिहिला होता. टाइप केलेला, आणि प्रत्येक पानाआड तिने स्वतः शाईने काढलेली आकृती. विभागातली प्रत इमारत बदलताना गहाळ झाली, घरची प्रत एका विद्यार्थिनीने नेली ती नेलीच. उरली ती आमच्या तळघरातली. पत्नी गेल्यापासून, गेली नऊ वर्षं, आजोबा गुरुवारी एक प्रकरण वाचतात. संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

ताई, तो प्रबंध भिजला. गेल्या महिन्याच्या शेवटी तळघरात वरच्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहाचा पाइप फुटला. वीस-बावीस प्रबंध भिजले, त्यातला हा एकच असा की ज्याची दुसरी प्रत नाही. गुरुवारी आजोबा आले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की प्रबंध बांधणीला दिलाय. ते खूश झाले, म्हणाले, पाठ खिळखिळी झालीच होती, बरं केलंत. या गुरुवारी पुन्हा आले, पुन्हा तेच सांगितलं. प्रबंध प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मी माझ्या कपाटात कुलपाखाली ठेवलाय. काय करावं सुचत नाही.

तुझी माया आहे तशी राहू दे, हे पत्र वाचून झाल्यावरसुद्धा.

तुझा,
ठोंब्या


१७ नोव्हेंबर

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. माझी तब्येत ठीक आहे, गुडघा सोडून. यंत्र ड्रॉवरमध्येच आहे. ते लावलं की भांड्यांचे आवाज येतात आणि माणसांचे येत नाहीत.

तू इतकी वर्षं मला पत्रं लिहितोस, त्यामुळे तू कुठे शब्द गाळतोस हे मला कळतं. खुर्च्यांच्या टोप्या तू एकेक मोजून सांगितल्यास आणि पाइपाबद्दल एका ओळीत आटोपलंस. पाइप एका दिवसात फुटत नाही. आधी ओल येते, पोपडे धरतात. तळघरात कोणी माणूस नसतो का? त्याला दिसलं नाही? दिसलं असेल तर त्याने सांगितलं कोणाला?

आजोबांना खरं सांग. भिजलेली वस्तू लपवून कोरडी होत नाही. पण त्याच्याही आधी मला खरं सांग. मी तुला लहानपणापासून ओळखते. तुझं पोट दुखायला लागलं की समजायचं, काहीतरी सांगायचं राहिलंय.

जेवण वेळेवर करतोस ना? वहिनीला विचारल्याचं सांग.

आशीर्वाद आहेतच, ते काही परत घेत नाही.

तुझी,
ताई


२७ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पोट दुखतंय. तू बरोबर ओळखलंस.

तळघरात एक परिचर आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. एकतीस वर्षं तिथे आहेत, निवृत्तीला दीड वर्ष राहिलं आहे. दिवे गेले तरी अंधारात हात घालून नेमकं पुस्तक काढतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते मला सांगायला आले, की प्रबंधांच्या मांडणीवर छताला ओल आहे. आठ दिवसांनी पुन्हा आले. म्हणाले, आता थेंब पडतायत, खाली बादली लावली आहे, तक्रारवहीत लिहितो. त्या आठवड्यात तपासणी समिती येणार होती. मी म्हटलं, काका, वहीत आत्ता काही लिहू नका, समिती जाऊ दे, मग मी प्लंबर बोलावतो. समिती आली. वही चाळून म्हणाली, इतक्या कमी तक्रारी असलेलं ग्रंथालय क्वचितच दिसतं. सगळ्यांसमोर माझं कौतुक झालं. त्या आनंदात प्लंबर राहून गेला. पुढच्या आठवड्यात पाइप फुटला.

परवा मुख्य ग्रंथपालांनी बैठक घेतली. त्यांनी काकांना विचारलं, ओल दिसत होती तर वहीत नोंद का नाही. काकांनी माझ्याकडे पाहिलं. बोट दाखवलं नाही, नाव घेतलं नाही, नुसतं पाहिलं. मी मूग गिळून बसलो. समोरच्या कागदावर चौकोन काढत राहिलो. काकांना निष्काळजीपणाबद्दल नोटीस निघाली आहे. पंधरा दिवसांत लेखी खुलासा द्यायचाय.

ते अजूनही सकाळी मला नमस्कार करतात. मी दुसऱ्या जिन्याने जायला लागलोय. आजोबांना अजून बांधणीच सांगतो. काल त्यांनी विचारलं, बांधणी कोणत्या रंगाची करताय. मी म्हटलं, हिरवी.

रागाव, पण लिही.

तुझा,
ठोंब्या


५ डिसेंबर

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद.

रागावले आहे. दोन दिवस पेन हातात घेतलं नाही.

तुला एक सांगायचं इतकी वर्षं टाळलं. बाबांनी गोदामातली नोकरी तब्येतीमुळे सोडली असं तुला सांगत आलो. तू तेव्हा चार वर्षांचा होतास, मी चौदाची. बाबांची तब्येत ठणठणीत होती. त्यांच्या साहेबांनी माल उघड्यावर ठेवायला सांगितला, बाबांनी ठेवला, तो खराब झाला. चौकशीत साहेब गप्प बसले. हुकूम तोंडी होता, बाबांकडे कागद नव्हता. त्यांना काढून टाकलं. त्यानंतर बाबा वर्षभर घराच्या मागच्या दाराने ये-जा करायचे, शेजाऱ्यांची नजर नको म्हणून. मी शाळेत सांगायचे, बाबा आजारी आहेत. सांगून सांगून ते खरंच आजारी दिसायला लागले.

दोन वर्षांनी ते साहेब घरी आले. खुर्चीच्या कडेवर बसले, पाणी प्यायले, हवापाण्याचं बोलले आणि जाताना तुझ्यासाठी एक सायकल ठेवून गेले. बाबांनी ती परत पाठवली नाही, कारण तू तोवर तिच्यावर बसला होतास. साहेबांना काय बोलायचं होतं ते त्यांच्या तोंडून निघालं नाही. बाबा शेवटपर्यंत त्याची वाट बघत होते, हे मला माहीत आहे. फाटकाची कडी वाजली की ते मान वर करायचे.

साहेब वाईट नव्हते, तुझ्यासारखेच होते. मला वाटतं, त्यांचंही पोट दुखत असेल.

काकांचे पंधरा दिवस संपत आलेत. दुसरा जिना बंद कर.

तुझी,
ताई


९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उशिराबद्दल क्षमा कर. काहीतरी करून झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

तुझं पत्र आलं त्या सकाळीच मुख्य ग्रंथपालांकडे गेलो आणि लेखी दिलं: काकांनी दोनदा सांगितलं होतं, नोंद करू नका असं मी सांगितलं, चूक माझी. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, की बैठकीत का नाही बोललात. काकांची नोटीस मागे घेतली. माझ्याकडून ‘सेवा आणि सुविधा’ काढून घेतल्या. आता मी परत आलेली पुस्तकं तपासून मांडणीला पाठवतो. पंखे बंद पडले की मुलं अजून माझ्याकडेच येतात, मी त्यांना दुसऱ्या टेबलाकडे पाठवतो.

मग तळघरात उतरलो. काका कपाट पुसत होते. मी माफी मागितली. ते पुसत राहिले. मग फडकं खाली ठेवून म्हणाले, साहेब, माझं ठीक आहे, पण मुलीने मला विचारलं की बाबा, तुम्ही कामावर झोपला होतात का. तिला मी कितीही सांगितलं तरी ते बापाचं सांगणं. तुम्ही येऊन सांगा. त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. तिशी गाठलेली मुलगी, शाळेत शिकवते. तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, समितीच्या कौतुकासकट. खुर्चीच्या कडेवर मीही बसलो होतो, ताई. पण बोललो. तिने पाणी दिलं आणि दार उघडून धरलं.

पुढच्या गुरुवारी आजोबांना माझ्या खोलीत नेलं. कपाट उघडून प्रबंध टेबलावर ठेवला आणि बांधणीचं खोटं होतं हे सांगितलं. प्लॅस्टिक काढल्यावर वास आला. पानं एकमेकांना चिकटली होती, कडांवर काळी बुरशी. त्यांनी बोट फिरवलं आणि विचारलं, भिजून किती दिवस झाले. मी म्हटलं, सहा आठवडे. ते ओरडले नाहीत. म्हणाले, पहिल्या गुरुवारी सांगितलं असतंत तर मी इथेच बसून एकेक पान सुटं करून वाळवलं असतं. ओली पानं सुटतात. पाण्याने जेवढं नेलं नाही तेवढं तुमच्या कपाटाने नेलं.

हे खरं आहे. मी नंतर बांधणीवाल्याला विचारलं, त्यानेही तेच सांगितलं. भिजवलं पाइपाने असेल, पण सडवलं मी.

मला वाटलं, आजोबा आता येणार नाहीत. पुढच्या गुरुवारी अकराला ते तळघरात हजर. माझ्याशी बोलले नाहीत, काकांना विचारलं की बसायला टेबल मिळेल का. तेव्हापासून दोघं बसतात. काका पातळ पट्टीने पान उचलतात, आजोबा धरतात. जे वाचता येतं ते आजोबा वहीत उतरवतात, जिथे पान गेलंय तिथे आठवतं तसं लिहितात आणि खाली लिहितात, ‘आठवणीतून’. दोनशे चौदा पानांपैकी आजवर एकोणतीस सुटली. आकृत्यांची शाई बहुतेक ठिकाणी पसरली आहे. मला टेबलापाशी बसायला कोणी सांगितलेलं नाही. मी टिपकागद कापून नेऊन देतो आणि पायरीशी थांबतो.

परवा आजोबांनी वहीतून मान वर न करता मला बोलावलं. एका नेच्याचं नाव पुसट झालं होतं, त्यांना वाचता येत नव्हतं, काकांनाही नाही. मी भिंग घेऊन वाकलो. पाच मिनिटं लागली. अक्षर अक्षर जुळवून नाव वाचलं. त्यांनी ते लिहून घेतलं, मला पुन्हा एकदा विचारून खात्री केली आणि काकांना म्हणाले, पुढचं पान.

मी पुन्हा पायरीशी जाऊन उभा राहिलो.

तुझी वहिनी तुला नमस्कार सांगते. माझ्यावरचा तुझा जीव कमी झाला असेल तर तसं लिही, पण लिहीत जा.

तुझा,
ठोंब्या