'नको' आणि 'गो'

प्रिय आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. बाबांची कंबर कशी आहे? खरं सांग, फोनवरच्यासारखं नको.

परवा आमची कॅप्टन धावबाद झाली, ते टीव्हीवर पाहिलंत ना? माझ्यामुळे झाली. धाव निघत नव्हती म्हणून मी "नको!" ओरडले. तिला कुठलं मराठी! तिला फक्त "गो" ऐकू आलं आणि ती सुसाट सुटली. सामनाही गेला.

आता आमच्या फ्रँचायझीच्या पुरुष संघातले खेळाडू जेवणाच्या हॉलमध्ये "नको!" ओरडतात आणि ताट घेऊन पळतात. हसू देत. मीही हसते. जेवण जात नाही एवढंच. म्हणजे जातं गं, काळजी करू नकोस.

कोचबाई म्हणाल्या, "पुन्हा असं झालं तर बाहेर बसशील." पण मी काय करू? चेंडू अंगावर आला की माझ्या तोंडून तूच बोलतेस. उन्हात जाऊ नको, मुलांत खेळू नको, गुडघे फोडून घेऊ नको, हेच ऐकत वाढले ना मी!

शेवटी कॅप्टनलाच तो शब्द शिकवला. हॉटेलच्या जिन्यात दोघी घसा फाटेस्तोवर ओरडलो. ती "नाको" म्हणते, पण जागच्या जागी थांबते. पुढच्या रविवारी सलामीला आम्हीच दोघी जाणार, कोचबाईंकडून कबूल करून घेतलंय.

टीव्ही नक्की लाव. तुझं "नको" ऐकून मी कधी थांबले नाही, पण ती थांबेल.

तुझी मुळीच न ऐकणारी,
धाकटी